जास्तीचा नर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अप्पांनी मला तरसाच्या पिंजऱ्यात बसवलं. तरस अजून यायचं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको. पिंजरा नवा होता, गजांना रंगाचा वास येत होता. अप्पा बाहेर एका ओंडक्यावर बसले, उपरण्याच्या गाठीतून फुटाणे काढले आणि माझ्याकडे टक लावून बघत एकेक खाऊ लागले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "काय वाटतं?"

"लाज वाटते," मी म्हणालो.

"कशाची?"

"तुम्ही बघताय त्याची. चारी बाजूंनी उघडं आहे. पाठ कुठं टेकावी कळत नाही."

"झालं तर मग," अप्पा म्हणाले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि पिंजऱ्याची मागची बाजू विटांनी बंद झाली, शिवाय एका कोपऱ्यात आडोसा झाला. हिशेबनिसाची नेमणूक कशासाठी झाली आहे याबद्दल माझ्या आणि अप्पांच्या समजुतीत थोडा फरक आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

ही बाग ठाण्यात, तलावाकडून कोपरीला जाणाऱ्या वाटेवर, वस्ती संपून मिठागरं सुरू होतात तिथं होती. आमचे शेठजी इमारती लाकडाचे व्यापारी. वडिलांनी लावलेल्या आंबराईत त्यांनी हौसेनं जनावरं आणून ठेवली होती. मुंबईच्या लोकांनी रविवारी आगगाडीनं ठाण्याला यावं, तलावावर हवा खावी, बाग बघावी आणि शेठजींचं नाव घेत परत जावं, असा त्यांचा मनसुबा. अप्पा या बागेचे व्यवस्थापक. मूळचे कल्याणचे. आधी ते सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते, रस्त्याखालच्या मोऱ्या आखायचे. ते काम का सोडलंत असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मोरीतून पाणी जातं, हिशेबनीस. पण सुखानं जातं की कसं, ते शेवटपर्यंत कळत नाही."

ते मला नावानं कधी हाक मारत नसत. मी हिशेबनीस. शेठजी ते शेठजी. मात्र बागेतलं प्रत्येक नर जनावर चिरंजीव आणि मादी सौभाग्यवती. एकटी माकडीण होती, तिला ते मावशी म्हणत.

अप्पा अंगानं किरकोळ. हातात कायम एक बांबूची काठी, तिच्यावर वितींच्या खुणा. त्या काठीनं ते कुंपण मोजत, सावली मोजत, आणि गजातून हात घालणारा प्रेक्षक दिसला तर त्याचा हातही मोजत. "तुमचा हात एवढा, बिबळ्याचा एवढा," असं शांतपणे सांगत. माणूस हात मागे घेई. जनावरांचं खाणं झाल्याखेरीज ते स्वतः जेवत नसत. पंगतीत सगळ्यांना वाढून होण्याआधी सुरुवात करायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, पण त्या पंगतीत मगर असल्यामुळे त्यांचं जेवण कधी तिसऱ्या प्रहरी होई, कधी होतही नसे.

साळिंदराची गोष्ट ठाण्यातले जुने लोक अजून सांगतात. साळिंदर दिवसभर झोपतं. लोकांना ते दिसत नाही, ही शेठजींची तक्रार. काठीनं ढोसून उठवा, असं त्यांनी सुचवलं. अप्पांनी पिंजऱ्यापुढे लाकडी बाक टाकलं आणि पाटी लावली: 'साळिंदर झोपले आहे. आपणही घटकाभर बसा.' पुढच्या रविवारी त्या बाकावर जागा मिळेना. लोक बसत, सुपारी कातरत, वर आंब्याकडे बघत आणि साळिंदर न बघताच समाधानानं उठून जात. शेठजींना हे पटलं नाही, पण बाक काढा असंही ते म्हणाले नाहीत. स्वतः एकदा बसून गेले.

"जागा आखताना दोघांची आखायची," अप्पा म्हणत. "आतल्याची आणि बाहेरच्याची. बाहेरच्याला काही काम दिलं नाही तर तो दगड मारतो."

आता गेंड्याकडे येतो, कारण अप्पांची आठवण म्हणजे अखेर गेंड्याची आठवण.

माळव्याकडच्या एका संस्थानातून शेठजींना सागवान पाठवण्याची मागणी आली होती. त्या निमित्तानं तिथले कारभारी ठाण्याला येऊन गेले. बोलता बोलता ते म्हणाले की महाराजांच्या बागेत गेंड्याची एक मादी आणि दोन नर आहेत, धाकटा नर वयात आल्यापासून दोघे कुंपणं तोडतात, म्हणून येत्या दसऱ्याला धाकट्याला साठमारीच्या मैदानात सोडायचं ठरलं आहे. साठमारी म्हणजे राजेरजवाड्यांचा तो जनावरं झुंजवण्याचा खेळ. समोर हत्ती उभा करतात. गेंडा शक्यतो परत येत नाही.

शेठजींनी मान हलवली आणि कारभाऱ्यांपुढे पान सरकवलं. अप्पा दाराशी उभे होते. ते आत येऊन म्हणाले, "आम्हाला द्या तो."

कारभारी निघून गेल्यावर शेठजींनी अप्पांना फैलावर घेतलं. गेंडा एकटा नर आणून करायचं काय? जोडी असती तर पिल्लू झालं असतं. गेंड्याचं पिल्लू बघायला पुण्याहून माणसं आली असती. नुसता नर म्हणजे नाकावर शिंग असलेली म्हैस.

अप्पांनी मग आपला सिद्धांत सांगितला. तो मी त्यांच्या तोंडून पुढेही अनेकदा ऐकला. "शेठजी, दहा वासरं झाली तर त्यात पाच गोऱ्हे. कळपाला वळू लागतो एक. उरलेल्या चौघांना नांगर आहे, गाडी आहे, मोट आहे. गेंड्याला काय जुंपणार? म्हणून जगात जिथं जिथं गेंडे पाळले आहेत तिथं एक नर जास्तीचा आहेच. त्याचा दोष एवढाच की तो दुसरा जन्मला."

"पण मादी कुठून आणणार?"

"एक वर्ष द्या. स्थळ शोधतो."

शेठजी व्यापारी माणूस. त्यांनी कारभाऱ्यांशी पत्रानं पक्कं ठरवलं: गेंडा वर्षभर ठाण्यात राहील, तोवर जोडी जमली तर कायमचा आमचा, न जमली तर पुढच्या दसऱ्याआधी आला तसा परत. 'आला तसा' हे शब्द कारभाऱ्यांनी मुद्दाम घालून घेतले होते.

गेंडा आगगाडीनं आला. कल्याणला त्याची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, उभी राहणार होती, म्हणून अप्पा आणि मी तिथं जाऊन थांबलो. ऊन कडक होतं. अप्पांनी स्टेशनातल्या लोकांच्या हातापाया पडून वाघीण एका झाडाच्या सावलीत ढकलून घेतली आणि फटीतून आत बघत उभे राहिले. तेवढ्यात त्यांचे थोरले बंधू छत्री घेऊन आले. कल्याणात बातमी लपत नाही. त्यांनीही फटीतून बघितलं.

"हा कोण पाहुणा आणलास?"

"आमच्यातलाच आहे, दादा. घरात जास्त झाला."

थोरल्या बंधूंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "जेवून जा म्हणते तुझी वहिनी."

"त्याला टाकून कसा येऊ?"

"मग डबा पाठवतो. तो काय खातो?"

"गवत. ऊस मिळाला तर ऊस."

डबा आला, त्याबरोबर उसाच्या दोन मोळ्या आल्या. त्या बंधूंनी स्वतः उचलून आणल्या होत्या. अप्पांनी आधी ऊस आत टाकला, कडाकडा आवाज सुरू झाल्यावर डबा उघडला. माझ्या घरी एकदा माझ्या पत्नीनं अप्पांना सरळ विचारलं होतं, लग्न का नाही केलंत. ते म्हणाले होते, "वहिनी, घरात भाऊ तिघे आणि ओसरी एक. थोरले दोघे आधी बसले. तिसऱ्यानं उठून बाहेर जावं, म्हणजे भांडण होत नाही." त्या दिवशी ते मला विनोदासारखं वाटलं होतं. कल्याणच्या झाडाखाली तसं वाटलं नाही.

ठाण्यात गेंड्यासाठी जागा आधीच तयार होती. ती आखायला अप्पांनी पुष्कळ खटपट केली होती. गज त्यांना नको होते. मिठागराला बांध असतो तसा मातीचा रुंद बांध, त्याच्या आतून खोल चर, मध्ये आंब्याची सावली आणि मोठं डबकं. गेंड्याला चिखल लागतो, तोही दाट, म्हणून खाडीचा गाळ आणून भरायचा होता. गाळ आणायला आगरी बाया लावल्या होत्या. त्यांची मुकादमीण पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाली, "अप्पा, मानसां चिखल काराला मजुरी देतान. तुमी भराला देता?"

"पाहुण्याची गादी आहे ती."

"एवरा मोठा पावना नि लोलनार चिखलान?"

"तुझा रेडा कशात लोळतो?"

"रेरा नांगर तरी वरतं," ती म्हणाली. नांगर ओढायची गोष्ट निघताच अप्पा काठी घेऊन चर मोजायला गेले.

गेंडा चिखलात बसला तो बसलाच. अप्पांना त्याचं फार कौतुक. तो शेण नेमक्या एकाच जागी टाकतो हे त्यांनी मला स्वतः नेऊन दाखवलं. "एवढी शिस्त कचेरीत तरी आहे का?" मी त्याची मापं घेतली. माझा स्वभावच तसा, अंदाज मला चालत नाही. बांधावरून अप्पांची काठी पुढे करून शिंग मोजलं, ते चांगलं वीतभर, टोकाला सुबक. पाटीवर अप्पांनी लिहिलं: 'चि. गेंडा. एकशिंगी. उपवर.'

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. जिथं म्हणून गेंडा असल्याचं ऐकिवात होतं तिथं अप्पांनी पत्रं धाडली. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. "मुलगा निकोप आहे, वय अंदाजे नऊ, शाकाहारी, निर्व्यसनी, एकाच जागी स्थिर. आपल्याकडे अनुरूप मादी असल्यास कळवावे. मुलीकडे राहायलाही आमची हरकत नाही." मी म्हटलं, निर्व्यसनी कशाला लिहायचं? अप्पा म्हणाले, "खोटं आहे का?" खोटं नव्हतं, म्हणून मी लिहिलं.

उत्तरं येऊ लागली. एका मोठ्या बागेतून उत्तर आलं की त्यांच्याकडेही एक चिरंजीव आहेत, आम्हाला मादी सापडल्यास तिची बहीण आहे का ते कळवावं. एका नबाबांनी लिहिलं की मादी आहे, पण दोन नरांसकट घेतली तरच देऊ. एका जहागीरदारांनी तर आपला नर कधी पाठवू असंच विचारलं. मी ती उत्तरं वाचून दाखवायचो आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे.

"सगळेच मुलाकडचे," ते म्हणायचे.

दरम्यान शेठजी रोज बांधावर येऊन उभे राहत. गेंडा चिखलात. शेठजी बांधावर. काही घडत नसे.

"अहो, हा काही करत नाही," ते म्हणाले.

"बसतो आहे की."

"बसायला काय, मीही बसतो. मला बघायला कोण येतं?"

वैशाखात माझ्या वडिलांचं श्राद्ध असे. त्या वर्षी मी शेठजींना आणि अप्पांना जेवायला बोलावलं होतं. आमचे भटजी विद्वान, पण गप्पिष्ट. पानं वाढून झाल्यावर अप्पांकडे वळून ते म्हणाले, "तुमच्याकडे खड्ग आला आहे म्हणे."

"गेंडा," अप्पा म्हणाले.

"तोच तो. शास्त्रात खड्ग म्हणतात. त्याच्या शिंगाच्या पात्रातून तर्पण केलं तर पितरांना अक्षय पोचतं. माझ्या आजोबांकडे होतं असं पात्र. वाटण्यांत कुठं गेलं कोण जाणे. हल्ली दिसायलाही मिळत नाही."

शेठजींचा हात पानावरच थांबला. त्यांचे वडील जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि वडिलांच्या आंबराईत आपण जनावरं बांधली याची त्यांना आतून कुठंतरी टोचणी होती. "अक्षय म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे संपत नाही."

अप्पा म्हणाले, "भटजीबुवा, शिंग म्हणजे हाड नव्हे. केसच ते, एकत्र चिकटलेले. तुमच्या शेंडीचं पात्र केलं तर चालेल का?"

भटजी हसले. माझी पत्नी स्वयंपाकघरात हसली ते बाहेर ऐकू आलं. शेठजी हसले नाहीत. त्यांनी भात कालवला.

आठ-पंधरा दिवसांत शेठजींनी मला बोलावून संस्थानच्या कारभाऱ्यांना पत्र लिहायला सांगितलं. गेंडा ठरल्याप्रमाणे दसऱ्याआधी परत देऊ, मात्र मैदानात तो पडला तर त्याचं शिंग आम्हाला द्यावं. उत्तर लगेच आलं. महाराजांना हरकत नाही, कारभारी स्वतः आश्विनात न्यायला येतील. मी ते पत्र घेऊन अप्पांकडे गेलो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि लपवलेलं मला पचत नाही. अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं.

नंतर ते शेठजींकडे गेले. मी तिथंच बसलो होतो.

"शेठजी, दसऱ्याला अजून अवकाश आहे. अजून स्थळ येईल."

"नाही येणार, अप्पासाहेब. तुम्हीच सांगता, सगळे मुलाकडचे. तो तसाही जायचाच आहे. मग शिंग तरी वाया का जावं? मी काही त्याला मारत नाही."

"नाही. तुम्ही नुसते पाठवताय."

शेठजींचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते. बोलणं तिथंच संपलं असतं, पण अप्पा उठता उठता म्हणाले, "बरं, जाईपर्यंत तरी लोकांना त्याला काही करताना बघू द्या. तुमची तीच तक्रार आहे ना? मला थोडं काम करायचं आहे आत."

"काय काम?"

"एक दगड मांडायचा आहे."

शेठजींनी हात हलवून परवानगी दिली. एका दगडाला कोण नाही म्हणेल?

दगड म्हणजे काळा, खडबडीत, पुरुषभर उंचीचा पाषाण. तो डबक्याच्या काठी उभा करून पुरला. त्याला अप्पांनी पाथरवटाकडून एक खोल, अरुंद खाच पाडून घेतली होती, गेंड्याच्या नाकाच्या उंचीला. त्या खाचेत रोज सकाळी मीठ भरलं जाई. गेंड्याला मिठाचं वेड. जीभ पोचावी एवढीच जागा, आणि जीभ पोचवायची तर नाक घुसवावं लागे, मान तिरकी करावी लागे, पुढे रेटावं लागे. दिवसभर खर्र खर्र आवाज येई. लोक बांधावर दाटी करू लागले. गेंडा दगडाशी झुंजतो अशी हवा झाली. शेठजीसुद्धा खूश झाले. "हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?" ते म्हणाले.

"आधी गरज नव्हती," अप्पा म्हणाले.

मीठ माझ्याकडून जाई. मिठावर सरकारचा केवढा कर, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात वर्षाला जात नाही इतकं या दगडात महिन्याला जाऊ लागलं. मी अप्पांना विचारलं.

"घाम येतो," ते म्हणाले. "अंगातलं मीठ जातं."

"गेंड्याला घाम येतो?"

"मला येतो."

पुढे पावसाळ्यात खाचेतलं मीठ वाहून जाऊ नये म्हणून अप्पांनी दगडावर पत्र्याचं छप्पर बांधलं. गेंडा ओल्या अंगानं येई आणि रेटत राही. श्रावणात मी माझ्या रिवाजाप्रमाणे पुन्हा काठी लावून शिंग मोजलं. मग काठी पुसली आणि दुसऱ्या बाजूनं मोजलं. मग अप्पांकडे बघितलं. ते बांधावर बसून फुटाणे खात होते.

"अप्पा, शिंग चार बोटं राहिलं आहे."

"तुमचं मोजमाप चुकत नाही कधी," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर खरं तेच सांगा."

कुणी विचारलं नाही. शेठजी रोज बघत होते, आणि रोज बघणाऱ्याला कमी झालेलं दिसत नाही. पोराची उंची आईला दिसत नाही, पाहुण्याला दिसते, तसं.

आश्विनात कारभारी आले. बरोबर चार शिपाई, साखळदंड, आणि कल्याणला थांबवून ठेवलेली वाघीण. जरीची पगडी, बोलणं मोठं अदबीचं. शेठजी त्यांना बांधावर घेऊन गेले, मागे अप्पा आणि मी. गेंडा दगडाशी होता. कारभाऱ्यांनी हाक दिली तसा तो वळला.

कारभारी बांधाच्या कडेपर्यंत जाऊन वाकले. मग म्हणाले, "शेठजी, आमचा गेंडा कुठं आहे?"

"हाच तो."

"याला शिंग होतं."

शेठजींनी बघितलं. त्या सकाळी बहुधा पहिल्यांदाच त्यांनी नीट बघितलं. नाकावर वाटीएवढं गुळगुळीत टेंगूळ होतं, जुन्या वरवंट्यासारखं. गेंडा त्यांच्याकडे बघून फुरफुरला आणि परत खाचेकडे वळला. खर्र.

"कुणी कापलं?" कारभाऱ्यांचा आवाज चढला.

उत्तर मी दिलं. "कापलेलं नाही. कापलं असतं तर कड सरळ असती. हे झिजलं आहे. कार्तिकात वीतभर होतं, श्रावणात चार बोटं. जनावर स्वतः घासतं, आपण आत्ताच बघितलंत."

"आला तसा परत, असं ठरलं होतं."

"जनावर घेऊन जा ना," अप्पा नम्रपणे म्हणाले. "वजन वाढलं आहे, कातडी निकोप आहे. केस तेवढे झडले."

कारभाऱ्यांनी पुन्हा गेंड्याकडे बघितलं. दसऱ्याचं मैदान, समोर सजवलेला हत्ती, गच्चीवर पाहुणे आणि रेसिडेंट साहेब, आणि या बाजूनं हे येणार. ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं आम्हाला दिसलं. "महाराजांचं हसं होईल," ते अखेर म्हणाले. "लोक म्हणतील, म्हैस सोडली. राहू द्या हा तुमच्याकडेच. असलं जनावर आम्ही दारात घेत नाही." शिपायांनी साखळदंड पुन्हा गाडीत टाकले. कारभारी चहाला थांबले नाहीत.

शेठजी आणि अप्पा बांधावर उरले. मी दोन पावलं मागे.

"तुम्ही केलंत हे."

"मी दगड मांडला, शेठजी. तुम्हाला विचारून."

"तुम्हाला आत्ता काढून टाकतो."

"टाका. फक्त मीठ घालायला कुणी ठेवा."

शेठजी पुष्कळ वेळ गेंड्याकडे बघत राहिले. "मादी मिळत नाही. संस्थान घेत नाही. शिंग नाही. आता याला कोण घेणार?"

"कोणी नाही," अप्पा म्हणाले. इतक्या समाधानानं बोललेला 'कोणी नाही' मी आयुष्यात दुसरा ऐकला नाही.

शेठजी हसू दाबायला बघत होते. ते त्यांना जमलं नाही. "आणि माझं पात्र?"

त्या पितृपक्षातलं तर्पण तोवर तांब्याच्याच पात्रातून होऊन गेलं होतं. पुढच्या वर्षीही तसंच झालं. भटजींना विचारलं, तेव्हा ते जरा नाखुशीनं म्हणाले, "चालतं तसं. पोचतं."

अप्पांना काही काढलं नाही. पण लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि त्या मला रास्त वाटत. पाटीवर एकशिंगी लिहिलं आहे आणि शिंग नाही, ही सरळ खोटी नोंद. मी अप्पांना म्हणालो, एकतर पाटी बदला नाहीतर जनावर. त्यांना ते पटलं. त्यांनी ब्रश घेतला, 'उपवर' पुसलं आणि त्या जागी लिहिलं: 'शिंग येत आहे.'

गेंड्याचं शिंग वाढतं हे खरंच आहे. ते रोज थोडं येई आणि रोज थोडं दगडावर जाई, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. कल्याणचे थोरले बंधू नातवंडांना घेऊन एकदा बाग बघायला आले. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"कधी येणार रे शिंग?"

अप्पा खाचेत मीठ ठासत होते. "घाई काय आहे, दादा," ते म्हणाले. "शिंग आलं की मागणारे येतात."